पिवळ्या धातूची तीन नाणी

तालुका कचेरीने त्या बाईच्या हातावर जी पावती ठेवली तिच्यात लिहिले होते, 'पिवळ्या धातूची, कडी असलेली गोल नाणी, नग तीन.' सोने हा शब्द त्या कागदावर कोठेही नव्हता. ज्या सोन्यापायी एका बहिणीचा बापाच्या जमिनीवरचा हक्क गेला, ज्याची किंमत मी स्वतः दस्तात घातली होती, ते सोने कचेरीचा उंबरा ओलांडताच पिवळा धातू झाले. मी कारकुनाला जाब विचारला. तो म्हणाला, "रायटरसाहेब, सोनं म्हणून लिहिलं आणि उद्या पितळ निघालं तर जबाबदार कोण? तुम्ही?"

त्याने ते सहज विचारले होते. मला मात्र त्याच्या टेबलावरची दौत उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

मी कारवार जिल्ह्यातल्या जोयड्याच्या तालुका कचेरीसमोर अर्ज आणि दस्त लिहून देतो. पत्र्याची शेड, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पक्षकारांसाठी एक बाक, एवढे माझे कार्यालय. बावीस वर्षांत ते जागचे हललेले नाही. साहेब मात्र किती आले आणि किती गेले. माझी शाळा नववीत सुटली. तरीही कन्नडमध्ये लिहायचे आणि तेच मराठीत वाचून समजावायचे, हे काम या तालुक्यात माझ्याइतके नेटके कोणी करत नाही, असे मी अभिमानाने नव्हे, माहिती म्हणून सांगतो. इतर लोक 'विनंती करतो की' असे लिहून थेट मागणीवर उतरतात. तशा अर्जाला मी भिकाऱ्याचा अर्ज म्हणतो. माझ्या लिखाणाला पूर्वपीठिका असते. माणूस कोण, कोठून आला, त्याच्या वाडवडिलांनी काय सोसले, हे आधी यावे आणि मग मागणी यावी. एका साहेबांनी माझा अर्ज वाचताना चष्मा काढून पुसला होता. अर्ज मंजूर झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी भाताची मळणी आटोपल्यावर तीन भावंडे माझ्या बाकावर येऊन बसली. थोरला आणि धाकटा भाऊ रामनगरजवळ वडिलांची शेती करत होते. मधली बहीण अणशीच्या पलीकडे, रानातल्या एका वाडीत दिलेली होती. वडील वारल्यावर उताऱ्यावर तिघांची नावे चढली होती. पुढे रामनगरचा रस्ता रुंद झाला आणि त्या शेतीची रस्त्याकडची कड एकाएकी मोलाची ठरली. एक हॉटेलवाला ती जागा भाड्याने घ्यायला तयार होता. पण त्याला उताऱ्यावर भांडणाला जागा नको होती. म्हणून बहिणीचे नाव काढायचे होते. तिने हक्कसोडपत्र करून द्यावे आणि मोबदल्यात घरातले सोने घ्यावे, असे भावांनी ठरवून आणले होते.

बहिणीला काय हवे होते, ते तिने मला नंतर सांगितले. पण येथेच सांगून टाकतो. तिला रस्त्याला लागून दहा गुंठे जागा हवी होती. वाघांच्या रानात तिच्या वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड तासाची पायवाट आहे. आदल्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याचा गुडघा फुगला तेव्हा चौघांनी त्याला खुर्चीत बांधून, खांद्यावरून, ओढ्याच्या छातीइतक्या पाण्यातून बाहेर आणले होते. "त्यो ओरडत न्हवता," ती म्हणाली, "त्येचंच मला जास्त भ्या वाटलं." तेव्हापासून तिच्या डोक्यात रस्त्याकडेचे घर होते.

थोरल्याने रुमालाची गाठ सोडली. आत तीन नाणी होती. प्रत्येकाला गळ्यात ओवायला कडी डाखलेली. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला मुकुटासारखे काही तरी, पुष्कळ झिजलेले.

"बघा रायटरसाहेब," तो म्हणाला. "आमच्या पणज्यानं मिळवल्याली. त्यो अणशीच्या घाटानं डोस्क्यावर भात घिऊन कारवारला उतरायचा आणि मीठ-सुकी मासळी घिऊन वर चढायचा. तितं काळी नदीच्या तोंडाला परदेशी जहाज बुडालं व्हतं. सोन्यानं भरलेलं. एका मासेवाल्याच्या जाळ्यात ही आली. पावसाळा लांबलेला, त्येच्या घरात शीत न्हवतं. पणज्यानं भाताचं पोतं दिलं, त्येनं ही दिली."

"एका पोत्याला तीन?" बाकावरच्या कोणी तरी विचारले.

"भुकेला भाव नसतोय, मामा."

मग धाकट्याने मोबाइल पुढे केला. बुडालेल्या जहाजातून काढलेले असेच एक नाणे परदेशात लिलावात विकले गेल्याची बातमी होती. किमतीतली शून्ये मला बोट ठेवून मोजावी लागली. बाकावरची माणसे माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागली.

"आता तुमीच ठरवा," थोरला म्हणाला. "आमी सांगितलं तर आक्रीत वाटंल. तुमच्यापेक्षा जाणता ह्या तालुक्यात कोण हाय?"

हे वाक्य त्याने घरून बेतून आणले होते, हे आज मला लख्ख दिसते. त्या दिवशी मला ते केवळ खरे वाटले. मी चष्मा चढवला, नाणी तळहातावर जोखली आणि कागद ओढला. सोन्याचा त्या दिवसाचा भाव मी वर मांडला. त्याच्याखाली जुनेपणाचे मोल मांडले, ते सोन्याच्या तिप्पट धरले. त्याच्याखाली समुद्राचे मोल मांडले. समुद्राचे मोल कशावरून धरले, असे मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी रागावलो असतो. बेरीज मी मोठ्याने वाचली. बाक गप्प झाला. तो आवाज मला फार आवडतो.

बहीण बाकावरून पुढे सरकली. ती म्हणाली, "रायटरसाहेब, मला सोन्यातलं कळत न्हाई. येवढंच सांगा. ह्या तीन नाण्यांत रस्त्याकडंला धा गुंठं जागा येतीया का?"

"दहा?" मी म्हणालो. "बारा येतील. वर घराचा पाया निघेल."

"ऐकलंस न्हवं बाय?" थोरला म्हणाला. "आमी सांगूलतो तवा तुला खोटं वाटूलतं."

मी कामात कच्चा नाही. दुसऱ्या दिवशी नाण्यांचा कस आणि वजन लिहून घेण्यासाठी मी थोरल्याबरोबर रामनगरच्या सोनाराकडे गेलो. म्हातारा सोनार मूळचा खानापूरकडचा, तोंडाने फटकळ. त्याने नाणी काळ्या दगडावर घासली, तोलली आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहिला. तो माझ्या बेरजेच्या पासंगालाही पुरत नव्हता.

"यात जहाजाचे मोल धरलेले नाही," मी म्हणालो.

"रायटरसाहेब, माझ्या तराजूत जहाज मावत न्हाई."

"जुन्या नाण्यांचे शौकीन असतात. परदेशात..."

"असत्यात की. म्या पण इकल्यात दोन-चार. पर त्यांना नाणं लागतंय, दागिना न्हवं." त्याने एक नाणे उचलून माझ्या नाकासमोर धरले. "ह्येला कडी डाखली तवाच निम्मं मोल गेलं. आणि ही आक्षरं बघा, कुटं हाईत? घासून घासून पार धुऊन काढल्यात. ही कुनाच्या माळंत व्हती?"

"आईच्या," थोरला म्हणाला. "भावकीत कुटं बी लगीन असू दे, माळ तितं जायाची. परत देताना आमसुलानं घासून, राखंनं उजळून द्यायची, तशी रीतच हाय."

"मंग भावकीनं लई मायेनं पुसलंय," सोनार म्हणाला. "आता हे निस्तं सोनं. जेवढं वजन, तेवढं मोल."

आम्ही दोघे बाहेर आलो. थोरला थोडा वेळ चुन्याची डबी चाचपत उभा राहिला. मग म्हणाला, "सोनार काय, येडा हाय त्यो. तुमी धा माणसांत किंमत सांगितलीसा. आता तुमीच तुमचा शब्द खाली पाडनार काय?"

येथे मला थांबून लिहावे लागत आहे. भावांवर मी चिडलो आहे, त्याहून कचेरीवर चिडलो आहे, आणि दोन्हींचे कारण योग्य आहे. परंतु त्या सोनाराच्या पायरीवर मला कोणी फसवले नव्हते. सर्व काही माझ्या तोंडावर सांगितले गेले होते. मी चिठ्ठी खिशात घातली आणि किंमत बदलली नाही. माझी बेरीज दहा माणसांनी ऐकली होती; ती चुकली असे सांगायला मी त्याच बाकासमोर उभा राहू शकत नव्हतो. एवढेच कारण होते. लाच घेतली असती तर निदान सांगायला बरे वाटले असते.

दस्त मी मन लावून लिहिला. त्याची पूर्वपीठिका माझ्या उत्तम लिखाणांपैकी एक आहे, असे मला त्या वेळी वाटले. 'सदर नाणी ही आमच्या पूर्वजांस कारवारच्या समुद्रात बुडालेल्या परदेशी जहाजाच्या खजिन्यातून प्राप्त झालेली असून, त्यांचे मोल केवळ वजनावर ठरण्यासारखे नाही.' मराठीत वाचून दाखवले तेव्हा बहीण मान हलवत ऐकत होती. पणज्याचे भाताचे पोते आले तिथे ती हसली. नोंदणी कार्यालयात तिने अंगठा दिला, फोटो काढून घेतला आणि रुमाल पोलक्यात खोचून संध्याकाळच्या गाडीने गेली. दस्त नोंदवून घेणाऱ्याने त्यातली एक ओळही वाचली नाही.

वाचली ती खातेबदलाच्या वेळी. भावांनी बहिणीचे नाव कमी करण्यासाठी दस्ताची नक्कल जोडली आणि ती एका नव्या ग्रामलेखापालाच्या, म्हणजे तलाठ्याच्या, हाती पडली. नवा माणूस सगळे वाचतो, हाच त्याचा दोष. 'बुडालेल्या जहाजाचा खजिना' या शब्दांखाली त्याने लाल रेघ ओढली आणि वर शेरा मारला की, खजिना म्हणजे निधी (गुप्तधन), निधी सापडल्यास तो सरकारात जाहीर करावा लागतो, तसे केल्याचे दिसत नाही. कागद वर गेला. वरून नोटीस खाली आली, ती नेमकी बहिणीच्या नावाने, कारण नाणी तिच्याकडे होती. नाणी चौकशी होईपर्यंत सरकारी तिजोरीत जमा करावीत, असा हुकूम होता. मोल ठरवायला तज्ज्ञ येणार होता. तो अजून आलेला नाही. येणार असे प्रत्येक वेळी नव्या कारकुनाकडून ऐकायला मिळते.

म्हणजे आता हिशेब असा झाला. जमीन भावांची, सोने सरकारचे आणि बहिणीकडे पावती.

पावती घेऊन ती माझ्या बाकावर बसली. रागावली असती तर मी उत्तर दिले असते. तिने फक्त विचारले, "तुमी त्ये जहाजाचं लिवलं म्हणून गेली काय?"

"नियम आहे," मी म्हणालो.

"आनि न्हाई लिवलं असतं तर?"

मी तिला पाण्याचा तांब्या दिला. त्या दिवसापर्यंत पक्षकाराने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे पाणी हे उत्तर कधीच नव्हते.

त्याच आठवड्यात मी रामनगरला भावांकडे गेलो. दोघे अंगणात सुपारी सोलत होते. मी त्यांना न्याय काय, माणुसकी काय, हे चांगला अर्धा तास समजावले. थोरला सोलत राहिला. शेवटी म्हणाला, "आमी सोनं दिलं. आमच्या हातनं सुटलं. फुडं सरकार जानं आनि ती जानं."

"तुमची सख्खी बहीण आहे."

"म्हणून तर आईची माळ दिली. परक्याला दिली असती काय?"

धाकटा हसला. "रायटरसाहेब, तुमच्या अक्षराची किंमत शेवटी सरकारला तरी कळली बघा. आमाला वाटलं, फुकट जातंय."

मी उठलो. रागाने माझ्या पायातली एक चप्पल तिथेच राहिली. ती धाकट्याने फाटकाशी आणून दिली, हे तर फारच झाले. परतीच्या गाडीत मात्र, दांडेलीकडे वळणाऱ्या फाट्याच्या आसपास, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वकिलाला ती पहिल्या दिवशी सुचली असती, मला सुचायला राग लागला. जहाज खरे असेल, तर त्या ग्रामलेखापालाच्या म्हणण्याप्रमाणे ते सोने भावांचे कधी नव्हतेच. जे आपले नाही ते देऊन त्यांनी बहिणीचा हक्क घेतला. जहाज खोटे असेल, तर खोटी किंमत सांगून घेतला. दोन्ही वाटांनी हक्कसोडपत्राच्या पोटात काही उरत नाही. खातेबदलावर हरकत घेण्याची मुदत अजून संपलेली नव्हती. मी घरी पोहोचण्याआधीच हरकतीचा अर्ज मनात लिहून काढला होता. त्यातही पूर्वपीठिका होती.

बहिणीला निरोप धाडला. ती नवऱ्यासह आली. तो काठी टेकत बाकाच्या टोकाला बसला. मी सांगितले, "दोन वाटा आहेत. जहाज ही नुसती घरातली गोष्ट होती, दस्तात ती मीच रंगवली, असे आपण सगळ्यांनी सांगितले, तर नाणी बहुधा परत मिळतील. भाऊही त्याला तयार होतील. पण मग जमीन गेली ती गेली. दुसरी वाट अशी की, जहाजाची गोष्ट भावांनीच सांगितली आणि तिच्यावरच किंमत चढवली, हे आहे तसे सांगायचे. मग नाणी किती वर्षे अडकतील ते देव जाणे. जमीन कदाचित परत येईल."

"कदाचित?"

"कदाचित."

ती नवऱ्याकडे वळली. तो म्हणाला, "तुज्या आईची माळ. तूच सांग."

"आईच्या गळ्यात बघितल्यात ती नाणी," ती म्हणाली. "माज्या लग्नात माज्या बी गळ्यात व्हती, दोन दीस. मागनं म्याच आमसुलानं घासून परत दिली. नाणी ऱ्हाऊ देत. जागा पायजे. पर एक सांगा, रायटरसाहेब. सगळं खरं सांगशिला? सोनारानं काय सांगितलं, त्ये बी?"

मी टेबलावरचे कागद नीट लावू लागलो.

"मी गेल्ते सोनाराकडं," ती म्हणाली. "पावती मिळाली त्याच दिवशी. म्हातारा म्हणाला, तुज्या अण्णाला आनि रायटरला दोघांना सांगितलंय."

मला संताप आला, आणि तो तिच्यावर आला. माझ्या पाठीमागे चौकशी करते! बावीस वर्षांत कोणी केली नव्हती. मी म्हणणार होतो की माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा लेखक पाहा. पण तिचा नवरा काठीच्या टोकाने जमिनीवरची मुंगी चुकवत बसला होता, आणि तिने इतके दिवस, माझ्या बाकावर बसून, माझेच पाणी पिऊन, हे पोटात ठेवले होते. मी म्हणालो, "सांगेन."

सुनावणीला दोन्ही प्रकरणे, नाण्यांची चौकशी आणि आमची हरकत, एकदमच पुकारली. तहसीलदार बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. टेबलावर कागदांची चळत आणि चहाचा निवलेला पेला. त्यांनी कन्नडमध्ये थोरल्याला विचारले की नाणी जहाजातली आहेत का.

थोरला हुशार. "न्हाई मॅडम," तो म्हणाला. "आमच्यात म्हणायचं म्हणून म्हणत्यात. जहाज-बिहाज ह्या रायटरसाहेबांनी घातलं. ह्येंची सवय हाय, कागद लांबवायची."

दारात उभी असलेली माणसे हसली. ती रोज माझ्याकडून अर्ज लिहून घेणारी माणसे होती.

मी पुढे झालो आणि बोललो. गोष्ट थोरल्याने माझ्या बाकावर सांगितली आणि दहा जणांनी ऐकली. धाकट्याने मोबाइल दाखवला. किंमत मी ठरवली, आणि ती कशाच्या आधारावर ठरवली, असे विचाराल तर आधार नव्हता. सोनाराने नोंदणीच्या आधी मला आणि थोरल्याला स्पष्ट सांगितले होते की नाण्यांना वजनापलीकडे मोल नाही. चिठ्ठी माझ्याजवळ आहे. मी ती लपवली. खिशातून काढताना चिठ्ठी घडीवर फाटली आणि दोन तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवावे लागले.

त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून वाचले. मग विचारले, "सोन्याची किंमत ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"कोणी नाही."

"मग लिहिली कशी?"

"मला विचारले म्हणून."

त्यांनी मला पुष्कळ सुनावले. असे लिहिणाऱ्यांमुळे कचेरीची कपाटे भरतात, आणि पुढच्या वेळी असा दस्त दिसला तर मला शेडसकट उठवतील, असे त्या म्हणाल्या. दारातली माणसे आता हसत नव्हती. ते हसण्याहून वाईट होते. मला उत्तरे सुचत होती, चांगली, गोळीबंद उत्तरे, आणि मी ती एकामागून एक गिळली. एवढे मात्र येथे लिहून ठेवतो की, त्यांच्याच कचेरीने सोन्याला पिवळा धातू म्हटले होते. ज्याला काहीच किंमत न लिहिण्याचा अधिकार आहे, त्याने चूक किंमत लिहिणाऱ्याला शहाणपण शिकवावे, हे मला आजही मान्य नाही.

शेवटी त्या बहिणीकडे वळल्या. "अम्मा, तुम्हाला काय पाहिजे?"

"धा गुंठं," ती म्हणाली. "रस्त्याला लागून."

दस्त रद्द करण्याचा अधिकार आपल्याला नाही, त्यासाठी कोर्टात जावे लागेल, असे तहसीलदार बाईंनी सांगितले. मात्र वाद मिटेपर्यंत खातेबदल होणार नाही. हे ऐकताच धाकट्याने थोरल्याकडे पाहिले. हॉटेलवाला कोर्टाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहणार नव्हता, हे मला ठाऊक होते आणि त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते.

तडजोड बसथांब्यावर झाली, उभ्याने. थोरला सहा गुंठ्यांवर होता. धाकटा म्हणाला, "आठ घे आक्का आनि सुम्मे गप बस आता." ती येणाऱ्या गाड्या पाहत राहिली. तिची गाडी आली, ती चढू लागली, तेव्हा थोरला मागून ओरडला, "बरं, धा! पर खालच्या अंगाला, वड्याकडं!"

"वड्याकडं न्हाई अण्णा, रस्त्याकडं," ती पायरीवरून म्हणाली. "वडा मला तिकडं बी हाय."

कंडक्टरने घंटी मारली. थोरल्याने हात उडवला; तो होकार होता.

नव्या दस्तासाठी मी कागद तयार ठेवले होते, लिहिण्याचे पैसे अर्थातच घेणार नव्हतो. ती आली ती छापील दस्त घेऊन. समोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून तिने तो लिहून घेतला होता. दीड पान. कोण, किती, कोठून कोठवर. पूर्वपीठिका नाही. मी तो तीनदा वाचला, एखादी तरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. मी चिडून माझे तयार कागद खणात ढकलले.

"साक्षीदार पायजे," ती म्हणाली. "याल न्हवं?"

मोजणीच्या दिवशी मी रामनगरला गेलो. मोजणीदाराने नकाशा पाहून कोपरे दाखवले आणि खुट्यांचे अंतर त्या दोघा नवराबायकोने स्वतःच्या टेपने पुन्हा मोजायचे ठरवले. खुटे तिने वाडीवरून आणले होते, तासून, टोके जाळून, पोत्यात बांधून, दोन गाड्या बदलून. तिसऱ्या कोपऱ्यावर थोरला सहज म्हणून पुढे झाला आणि खुटा पायाने वीतभर आत सरकवला.

"अण्णा," ती म्हणाली, "व्हता तितंच ऱ्हाऊ दे."

"वीतभर तर हाय, बाय."

"व्हय. माजी हाय."

त्याने खुटा मागे घेतला. टेपचे एक टोक नवऱ्याच्या हातात होते, दुसरे तिच्या. तिला आकडे वाचता येत नव्हते, त्याला वाकता येत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले. मी धोतराचा सोगा वर खोचला, चिखलात गुडघा टेकला आणि आकडा मोठ्याने वाचला.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचला.